निळूभाऊंना त्या वाड्यातून आता बाहेर काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मराठी सिनेमातल्या खलनायकांवर अख्खं पान आलं होतं, रंगीत फोटो वगैरे टाकून, ते वाचलं. मांडणी छान होती, त्यात वाद नाही. पण निळू फुले यांना त्या पानात एक चौकट, आणि चौकटीतलं अर्धं 'बाई वाड्यावर या' या त्यांच्या नावावर चालणाऱ्या वाक्यावरच खर्च! अहो पुण्यातला पेपर ना तुमचा? हा माणूस पुण्याचा, वारला पुण्यात, १३ जुलै २००९ला, आणि त्याच्या वाट्याला एवढंच? म्हणून हे पत्र. लांबणार आहे हे आधीच सांगते. कापायचं झालं तर माझं कौतुक कापा, सिनेमांची नावं कापू नका.

आधी त्या वाड्याचंच बोलते म्हणजे विषय संपेल. हल्ली कुठल्याही लग्नात संगीतच्या कार्यक्रमाला एखादा भाचा-पुतण्या काळी मिशी चिकटवून, धोतराचा सोगा हातात धरून स्टेजवर येतो आणि घसा खरवडून ते वाक्य म्हणतो, लोक हसतात, मी पण हसते, आता लग्नात काय तोंड पाडून बसायचं. पण एक गोष्ट बघा तुम्ही कधीतरी, नक्कल करणारे सगळे आवाज चढवतात. आणि खरे निळूभाऊ आवाज उतरवायचे! समोरच्याला जरा पुढे वाकून ऐकावं लागेल इतका खाली आणायचे आणि शब्द सावकाश, मधेच थांबून, नजर आधी पोचायची आणि वाक्य मागून यायचं. घाबरायला व्हायचं ते त्या मधल्या थांबण्याने. नक्कल करणाऱ्यांना नेमकं तेच जमत नाही, कारण थांबायला दम लागतो.

माझं माहेर नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं, उसाचं गाव. जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा, बायका एका बाजूला पुरुष एका बाजूला, आणि पडद्यावर निळूभाऊ आले रे आले की माझी आत्या खालून सुरू व्हायची. काय काय शिव्या द्यायची ते छापता येणार नाही. मुडदा बशिवला ही त्यातल्या त्यात सौम्य. तिच्या एकटीचं नव्हतं हे, महाराष्ट्रात सगळीकडे बायका त्यांना असंच बोलायच्या, ते स्वतः पण हे हसत सांगायचे म्हणतात, आणि नटाला याच्यापेक्षा मोठी पावती कुठली असणार. पण आत्याला मी पुढे विचारलं होतं की अगं तुला इतका राग का यायचा, सिनेमाच तर आहे, तर म्हणाली, त्यो आपल्या चेअरमनवानी हसतो.

हे वाक्य मला 'सामना' बघताना कळलं.

'सामना' तुम्हाला मी काय सांगणार, तरी सांगते, कारण तुमच्याकडची तरुण मुलंमुली पानं लावत असतील आणि त्यांनी पाहिला नसेल. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लिहिलाय विजय तेंडुलकरांनी, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. आणि टीम बघा, दिग्दर्शक दौंडला दवाखाना असलेला लहान मुलांचा डॉक्टर, मास्तर झालेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर, मोहन आगाशे मनाचे डॉक्टर, निर्माते रामदास फुटाणे शाळेत चित्रकला शिकवणारे, आणि या सगळ्या शिकल्यासवरल्या लोकांमध्ये साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील कोण, तर एकेकाळी वानवडीच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, माळीकाम केलेले निळूभाऊ. आणि पडद्यावर पाहिलं तर सगळ्यांचा मालक तोच वाटतो! साखर कारखाना त्याचा, गाव त्याचं, पोलीस त्याचे. गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो, कोण कुठला माहीत नाही, तर हा त्याला हाकलत नाही, उलट घरी नेतो, खाऊपिऊ घालतो, पाहुणा म्हणून ठेवतो. आणि तो मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं?

आता इथे दुसरा कुठला नट असता तर पहिल्याच वेळेला डोळे वटारले असते. निळूभाऊ तसं काहीच करत नाहीत. सुरुवातीला तो प्रश्न अंगावर बसलेली माशी उडवावी तसा उडवून लावतात, पाहुण्याचा मान राखतात, हसतात, विषय बदलतात. मग तोच प्रश्न परत. मग परत. आणि दर वेळी त्या हसण्यातलं थोडं थोडं कमी होत जातं, इतकं हळूहळू की कुठल्या सीनला संपलं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. शेवटी हिंदुराव हरतो, आणि मला आजही हरणाऱ्या हिंदुरावाची थोडी कीव येते. ज्याने माणूस संपवला त्याची कीव! ही कीव यायला लावणं हे फार अवघड काम आहे हो. लागूंचा मास्तर ग्रेटच, पण मास्तरचं दुःख बाहेर दिसतं, बोलून दाखवायला त्याच्याकडे शब्द आहेत. हिंदुरावाकडे फक्त तोंडावरचं ते हसू आहे आणि तेच त्याला शेवटपर्यंत सांभाळायचं आहे.

आमच्या चेअरमनचं सांगते म्हणजे आत्याचं म्हणणं पटेल. एका वर्षी आमच्या उसाला तोड येईना. गाळप हंगाम निम्मा उलटला, शेजारच्यांचे फड रिकामे झाले, आमच्याकडे टोळी फिरकेना, चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, नुसता उद्या उद्या करायचा. वडील चेअरमनकडे गेले, मी सोबत होते, शाळकरी पोरगी. चेअरमननी वडलांना खुर्ची दिली, चहा मागवला, मला कितवीत आहेस विचारलं, पोरगी हुशार दिसती शिकवा तिला म्हणाले, आजीची तब्येत विचारली. उसाचा विषय काढलाच नाही. वडलांनी काढला तेव्हा हसून म्हणाले, बघतो की, तुमचं नाही बघायचं तर कुणाचं बघायचं. उंबऱ्यापर्यंत सोडायला आले. आणि उसाला तुरे फुटले तरी तोड आली नाही. वजन गेलं, पैसे गेले. सोसायटीच्या निवडणुकीत वडील दुसऱ्या पॅनलच्या बैठकीला जाऊन बसले होते, बाकी काही नाही. त्या दिवशी त्या घरात कोणी आवाज चढवला नव्हता, धमकी नव्हती, चहा तर चांगला दुधाचा होता. निळूभाऊंनी जो पाटील पडद्यावर आणला तो हा! मिशीला पीळ देऊन बाईच्या मागे लागणारा तर कोणीही करेल, कितीजणांनी केला. पण चहा पाजून मारणारा माणूस त्यांनी दाखवला. तो आम्हाला ओळखीचा होता म्हणून आमच्या बायकांच्या शिव्या इतक्या मनापासून निघायच्या.

आता दुसरी बाजू. त्यानंतर चारेक वर्षांनी, १९७९चा 'सिंहासन', परत जब्बार पटेल, परत तेंडुलकर, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून. त्यात अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू त्यांची खुर्ची ओढायला टपलेले विश्वासराव दाभाडे, आणि निळूभाऊ कोण? तर दिगू टिपणीस, पत्रकार. तुमच्याच जमातीतला! म्हणजे संपादकसाहेब, खरं तर तुम्हा लोकांनी तरी हा माणूस विसरायला नको होता. मराठी सिनेमात पत्रकार खूप झाले पण दिगूसारखा एकही नाही. तो मंत्रालयात फिरतो, कोणाचं कोणाशी काय शिजतंय सगळं त्याला माहिती, सगळे त्याला जवळ बसवतात, सगळे थोडं थोडं सांगतात, आणि या सगळ्या माहितीचं करायचं काय हे मात्र त्याला कळत नाही. कारण माहिती असून पण काही हलत नाही. शेवटी तो हसत सुटतो, वेड्यासारखा, थांबतच नाही.

तुम्ही कधी लागोपाठ दोन दिवशी हे दोन्ही सिनेमे बघा. मी पाहिलेत. तोच चेहरा, तेच मोठाले डोळे, बोलणं तसंच हळू. पण हिंदुरावाचं हळू बोलणं म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसावं असं, आणि दिगूचं हळू बोलणं म्हणजे तसंही कोणी ऐकणार नाहीये असं. आवाज तोच असून! चालणं बघा, हिंदुराव येतो तेव्हा त्याला घाई नसते कारण सगळे थांबलेले असतात, दिगू कायम कोणाच्या तरी दाराशी, बाकावर, कोपऱ्यात. मेकअपने असं होत नाही. सत्ता अंगात असली की माणूस कसा बसतो आणि नसली की कसा बसतो हे ज्याने खूप वर्षं बाजूला उभं राहून पाहिलंय त्यालाच हे येणार, असं माझं आपलं मत.

आणि त्यांनी पाहिलंच होतं. १९३०च्या आसपासचा जन्म, शिक्षण फार नाही, राष्ट्र सेवा दलात वाढलेले, वर सांगितलं तसं एएफएमसीच्या बागेत माळी. महिना ऐंशी रुपये पगार आणि त्यातले दहा सेवा दलाला द्यायचे असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं वाचलंय. मग सेवा दलाचं कलापथक, 'येरागबाळ्याचे काम नोहे' हे लोकनाट्य, मग पुलंच्या 'पुढारी पाहिजे'मधला रोंगे, आणि मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची', ज्याने त्यांना गावोगाव नेलं. १९६८ला अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा करून ते सिनेमात आले तेव्हा चाळिशीला टेकलेले होते. म्हणजे बघा, सत्तेवर आधी त्यांनी वगात उभं राहून लोकांना हसवलं आणि मग त्याच सत्तेची टोपी घालून लोकांना घाबरवलं. वग केलेल्या माणसाला समोर बसलेल्या पब्लिकचा अंदाज असतो, कुठे थांबलं की हशा येतो हे माहिती असतं, आणि मला तर वाटतं हशासाठी थांबायची तीच सवय त्यांनी सिनेमात भीतीसाठी वापरली. नाट्यशास्त्र शिकलेल्यांनी माझं चुकत असेल तर तुमच्याच सदरात लिहावं, मी वाचेन.

नाटकांचं तर तुमच्या त्या चौकटीत नावच नव्हतं. 'सखाराम बाइंडर', १९७२, ज्यावरून सेन्सॉरने कात्री लावली आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात जाऊन भांडून आले, त्यातला सखाराम निळूभाऊ होते. लालन सारंगांच्या चंपासमोर उभं राहणं म्हणजे खायचं काम नाही. आमच्या घरात त्या नाटकाचं नाव काढायची पण चोरी होती, लग्नानंतर मी ते पुस्तक आणून वाचलं तेव्हा सासूबाईंनी वर्तमानपत्राचं कव्हर घालून दिलं, कोणी बघायला नको म्हणून. (त्यांनी स्वतः ते दुपारी वाचून काढलं हे मला नंतर कळलं.) आणि जयवंत दळवींचं 'सूर्यास्त', त्यातले अप्पाजी, गांधीजींच्या काळातला माणूस, स्वातंत्र्यासाठी झिजलेला आणि आता सत्तेत बसलेल्या आपल्याच पोराकडे बघणारा. ते मी बालगंधर्वला पाहिलंय, मागच्या रांगेतून. मला आठवतंय ते एवढंच की स्टेजवर तो म्हातारा नुसता बसलेला होता आणि थिएटरमध्ये कोणी खोकलं पण नाही, आणि पुण्याच्या प्रेक्षकाला न खोकता बसवणं ही काय चीज आहे ते तुम्हाला माहितीय. हाच माणूस आत्याच्या शिव्या खाणारा ना? अप्पाजींना पाहून तिने पदर डोळ्याला लावला असता.

उगाच सगळंच सोनं होतं असं मी म्हणणार नाही. फॅन असले तरी डोळे आहेत. मधल्या काळात ग्रामीण तमाशापट एकापाठोपाठ एक निघाले, त्यात तोच फेटा, तोच वाडा, तीच बैठक, लावणी सुरू झाली की निळूभाऊंनी तक्क्याला टेकून बघायचं. बरेचसे सिनेमे आज बसून बघवत नाहीत. त्यांनी ते का घेतले याचं उत्तर सरळ आहे, पोट होतं आणि मराठी सिनेमात पैसे किती मिळायचे ते सगळ्यांना माहिती आहे. पण असल्या सिनेमात सुद्धा ते आले की आजूबाजूचे नट एकदम नाटक करतायत असं वाटायला लागायचं. 'सोंगाड्या', 'पिंजरा' हे त्यातले मोठे सिनेमे, त्यांचं कौतुक सगळे करतात, मी परत करत नाही.

हिंदीत त्यांना फार वापरलं नाही, 'कुली'बिलीत होते. पण १९८४चा 'सारांश' काढून बघा. सगळे अनुपम खेरबद्दल बोलतात आणि बोलायलाच पाहिजे, पण त्या म्हाताऱ्याच्या दारात जो पुढारी येऊन उभा राहतो, गजानन चित्रे, ते निळूभाऊ आहेत. मुंबईचा शहरी पुढारी. वाडा नाही, फेटा नाही, लावणी नाही. आणि तरी तो दारात आला की आपल्याला कळतं की आता या म्हाताऱ्याचं काही खरं नाही. म्हणजे ज्यांना वाटतं की हा माणूस फेट्याच्या जोरावर चालला त्यांनी आधी हा सिनेमा बघावा आणि मग चौकटी लिहाव्यात.

अजून एक, जे पुरवणीवाल्यांना सिनेमाचं वाटत नाही म्हणून ते घेत नाहीत. पडद्यावर बायकांना नाडणारा हा माणूस पडद्याबाहेर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात दाभोलकरांबरोबर होता. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू आणि इतर मोठमोठ्या नटांबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत हे लोक महाराष्ट्रभर फिरले, त्या पैशातून पूर्णवेळ चळवळीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. विचार करा, जो कार्यकर्ता खऱ्या हिंदुरावांशी भांडणार त्याच्या मीठभाकरीची सोय पडद्यावरचा हिंदुराव करत होता! १९९१ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते ठीक. शेवटच्या काळातला 'गोष्ट छोटी डोंगराएवढी', २००९चा, तो पण शेतकऱ्यांवरच.

पिंपळे गुरवला त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, नटसम्राट निळू फुले रंगमंदिर. नाव वाचून मला दर वेळी गंमत वाटते, कारण नटसम्राट म्हटलं की डोळ्यापुढे लागूच येतात, आणि हे दोघं इतके जवळचे की लागूंनी ती पदवी आनंदाने अर्धी देऊन टाकली असती. पण तिथे जाणाऱ्या मुलांना विचारा, हे निळू फुले कोण, तर मोबाईल काढून ते वाड्याचंच काहीतरी दाखवतील. त्यांची चूक नाही, त्यांना तेवढंच दाखवलं गेलंय. तुम्ही तेवढंच दाखवताय!

तर माझी मागणी अशी आहे. एक, पुढच्या १३ जुलैला निळूभाऊंवर पूर्ण पान काढा आणि त्यात फोटो दिगू टिपणीसचा टाका, फेट्यातला नको. लिहायला एखादा जुना वार्ताहर बसवा, मंत्रालय कव्हर केलेला, त्याला दिगू बरोबर कळेल. दुसरं म्हणजे लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्ह आहे, थिएटर आहे, तुमच्या पेपरने मनावर घेतलं तर 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ दाखवायची व्यवस्था होऊ शकते, तुम्ही असले उपक्रम करताच की, पाककृती स्पर्धा घेता तसं हे पण घ्या. तिकीट लावा, फुकट नको, फुकट म्हटलं की लोक मध्येच उठून जातात. आमच्या भजनी मंडळातल्या सात-आठ जणी नक्की येणार, मी विचारलंय. फक्त वेळ दुपारची ठेवा, संध्याकाळनंतर तिकडून कसबा पेठेत यायला रिक्षावाले नाही म्हणतात.

आपली नेहमीची वाचक,
कसबा पेठ, पुणे